दोन राशी सारख्या कधी असतात?

ब्रह्मगुप्ताने ६२८ साली 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' लिहिला. त्यावर नवव्या शतकात पृथूदकस्वामींनी टीका, म्हणजे भाष्य, लिहिली. त्या टीकेत एक समीकरण एकाखाली एक अशा दोन ओळींत मांडलेलं आहे:

याव ० या १० रू ८ (८ च्या डोक्यावर टिंब)
याव १ या ० रू १

'या' म्हणजे यावत्तावत्, आपला क्ष. 'याव' हा त्याचा वर्ग. 'रू' म्हणजे रूप, नुसती संख्या. टिंब ऋण संख्येची खूण. मधे बरोबरचं चिन्ह नाही; वरची ओळ आणि खालची ओळ सारख्या आहेत, हे मांडणीच सांगते. आजच्या भाषेत: १० क्ष − ८ = क्ष-वर्ग + १. उत्तरं १ आणि ९.

मला या दोन ओळींमध्ये सगळ्यात मोलाची वाटतात ती दोन शून्यं. वरच्या ओळीत वर्ग नाही, तरी त्याची जागा राखून ठेवली आहे. खालच्या ओळीत नुसता 'या' नाही, तरी तिथे शून्य मांडलं आहे. वर्गाखाली वर्ग, 'या'खाली 'या', रूपाखाली रूप. वरून खाली नजर फिरवली की कोणत्या घरात किती फरक आहे ते कळतं आणि वजाबाकी तिथल्या तिथे होते. सरळरूप देणं आणि तुलना करणं ही इथे एकच क्रिया आहे. आपल्या शाळांमध्ये मात्र या दोन क्रियांची कधीच फारकत झाली. 'सरळरूप द्या' हा एक प्रश्न, 'तुलना करा' हा दुसरा, आणि पहिला कशासाठी करायचा ते मुलाला कुणी सांगत नाही. या लेखात मला त्या दोघांना पुन्हा एकत्र बसवायचं आहे.

भास्कराचार्यांचं 'बीजगणित' ११५० च्या सुमाराचं. अव्यक्त राशी एकाहून अधिक असतील तर त्यांना त्यात रंगांची नावं आहेत: कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना का, नी, पी, लो. नियम थोडक्यात असा की एका जातीच्या राशींची बेरीज-वजाबाकी होते, भिन्न जातींच्या राशी शेजारी शेजारी वेगळ्या ठेवायच्या. 'या'ला 'या'ने गुणलं तर वर्ग. 'या'ला 'का'ने गुणलं तर ते भावित, म्हणजे पुन्हा वेगळीच जात. आठवीच्या वर्गात आजही कितीतरी मुलं ३ क्ष + ५ य चे ८ क्षय करून मोकळी होतात. चूक दाखवायला नियम पाठ करून घ्यायची गरज नाही. क्ष आणि य दोन्ही २ धरा. पहिली राशी १६, दुसरी ३२. किंमत घालून ताळा पाहण्याची ही सवय लेखाच्या शेवटी फार मोठी होऊन परत येणार आहे.

चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या देवळात एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ काढला आणि १२०७ साली त्याला दान मिळालं, अशी त्यात नोंद आहे. हा लेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. खानदेशात आठशे वर्षांपूर्वी बीजगणित शिकवण्यासाठी कुणी जमिनीचं आणि करांचं उत्पन्न लावून दिलं होतं, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकात पहिल्या पानावर छापायला हवी.

आता घातांक. त्यांची कहाणी जास्त जुनी आणि माझ्या मते जास्त थरारक आहे.

'अनुयोगद्वार' या जैन आगमग्रंथात जगातल्या माणसांची संख्या दोन रीतींनी सांगितली आहे. एक रीत: सहाव्या वर्गाला पाचव्या वर्गाने गुणा. दुसरी रीत: जिला दोनने ९६ वेळा भागता येतं ती संख्या. इथे पहिला वर्ग म्हणजे २ चा वर्ग ४, दुसरा म्हणजे ४ चा वर्ग १६, तिसरा २५६, आणि असंच पुढे. प्रत्येक पायरीला घातांक दुप्पट होतो: २, ४, ८, १६, ३२, ६४. म्हणजे पाचवा वर्ग हा २ चा ३२ वा घात आणि सहावा वर्ग हा २ चा ६४ वा घात. त्यांचा गुणाकार २ चा ९६ वा घात, कारण ६४ आणि ३२ मिळून ९६. संख्या २९ अंकी आहे. माणसं तेवढी आहेत की नाहीत हा प्रश्न इथे गौण. 'पाया सारखा असेल तर गुणाकारात घातांकांची बेरीज होते' हा नियम त्या लोकांनी वापरला आणि एका राशीची दोन रूपं सारखी आहेत हे ओळखलं.

वीरसेनाचार्यांनी ८१६ साली पुऱ्या केलेल्या 'धवला' टीकेत याच्या पुढची पायरी आहे. एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते त्याला ते अर्धच्छेद म्हणतात. आठचे अर्धच्छेद तीन, बत्तिसाचे पाच. गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे अर्धच्छेदांची बेरीज, हा त्यांचा नियम. ज्याला आपण लॉगरिदम म्हणतो त्याचंच हे दोनच्या पायाचं रूप. या ग्रंथाच्या ताडपत्रांच्या प्रती कर्नाटकात मूडबिद्रीला जपलेल्या होत्या. प्रा. हिरालाल जैन यांनी संपादन केलेला त्याचा पहिला छापील खंड १९३९ मध्ये निघाला तो आपल्या अमरावतीहून.

युरोपात ही वाट उशिरा सापडली. रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ मध्ये बरोबरचं चिन्ह छापलं. त्याच पुस्तकात आठव्या घातासाठी 'झेन्झिझेन्झिझेन्झिक' असं नाव आहे. अशा नावांनी तिसरा आणि पाचवा घात गुणून आठवा येतो हे दिसतच नाही. निकोला शुके याने १४८४ मध्येच घातांक अंकांत लिहिले होते, शून्य आणि ऋण घातांकसुद्धा, पण त्याचं हस्तलिखित छापलं गेलं एकोणिसाव्या शतकात. लहान-मोठेपणाची चिन्हं हॅरियटच्या १६३१ च्या पुस्तकात आली. देकार्तने १६३७ मध्ये घातांक अक्षराच्या खांद्यावर बसवला आणि तो तिथेच राहिला.

तुलनेची गोडी या घातांकांमध्येच आहे. २ चा ३० वा घात मोठा की ३ चा २० वा? पहिल्यात घातांक मोठा, दुसऱ्यात पाया मोठा. नुसत्या नजरेने काही ठरत नाही. दोन्ही घातांकांत १० समाईक आहे. पहिली राशी म्हणजे ८ चा दहावा घात, दुसरी ९ चा दहावा घात. प्रश्न संपला. हवंच असेल तर हिशेब करून बघा: एकीकडे १०७ कोटींच्या वर, दुसरीकडे ३४८ कोटींच्या वर. एक घरातली तुलनाही करून ठेवावी. क्रेडिट कार्डाचं थकीत व्याज 'दरमहा फक्त ३ टक्के' असेल तर वर्षाचे ३६ टक्के असं मन धरून चालतं. पण १.०३ चा बारावा घात सुमारे १.४२५८ होतो. म्हणजे वर्षाला साडेबेचाळीस टक्क्यांहून अधिक. गुणाकाराच्या जागी बेरीज धरली की खिसा कापला जातो, आणि हे शाळेतच, रुपयांच्या उदाहरणाने शिकवायला हवं.

चल असलेल्या राशींची तुलना याहून नाजूक. 'क्ष मोठा की क्ष-वर्ग?' या प्रश्नाला बहुतेक मुलं 'वर्ग' म्हणतात. खरं उत्तर शोधायला वजाबाकी करायची: क्ष-वर्ग − क्ष. तिचे अवयव पाडायचे: क्ष × (क्ष − १). आता उत्तर समोर आहे. क्ष शून्य आणि एकच्या मधे असेल तर एक अवयव धन, दुसरा ऋण. गुणाकार ऋण, म्हणून वर्ग लहान. क्ष एकाहून मोठा किंवा ऋण असेल तर वर्ग मोठा. शून्याला आणि एकाला दोन्ही सारखे. अवयव पाडले म्हणूनच तुलना झाली. पृथूदकस्वामींच्या दोन ओळींमध्ये जे घडतं तेच इथे घडलं.

याच रीतीने अ-वर्ग + ब-वर्ग ही राशी २अब पेक्षा कधीच लहान नसते हे दिसतं, कारण त्यांतला फरक (अ − ब) चा वर्ग आहे आणि वर्ग ऋण होत नाही. ठरावीक लांबीच्या कुंपणात आयताकृती जमिनींपैकी चौरस जमीन सर्वांत मोठी का, ते एवढ्याशा ओळीतून निघतं.

सरळरूप देताना एक गोष्ट हातून निसटते ती अट. क्ष-वर्ग − ९ ला क्ष − ३ ने भागलं की क्ष + ३ उरतं, हे बरोबर. पण क्ष ३ असेल तेव्हा मूळ राशीला अर्थच नाही, आणि नव्या राशीची किंमत ६ आहे. दोन्ही राशी एक जागा सोडून सगळीकडे सारख्या आहेत. उत्तरपत्रिकेत ही अट लिहिली नाही तरी पूर्ण गुण मिळतात, आणि मला हे फार खटकतं.

विसाव्या शतकात हा शाळेतला विषय संशोधकांच्या हाती गेला आणि त्याने भल्याभल्यांना दमवलं. बर्कलीच्या आल्फ्रेड टार्स्कीने विचारलं: बेरीज, गुणाकार आणि घात यांचे शाळेत शिकवतो ते अकरा नियम घेतले, तर धन पूर्णांकांसाठी खऱ्या असलेल्या सगळ्या समानता त्यांतून सिद्ध होतात का? अकरांत क्रम बदलणं, कंस हलवणं, कंस सोडवणं, १ चे नियम आणि घातांकांचे तीन नियम, एवढंच येतं. १९८० च्या सुमारास ब्रिटिश गणिती अॅलेक्स विल्की याने नाही असं उत्तर दिलं आणि एक समानता पुढे ठेवली, जी खरी आहे पण त्या नियमांतून निघत नाही. तिचं मर्म असं. १ + क्ष-घन याचे अवयव (१ + क्ष) आणि (१ − क्ष + क्ष-वर्ग). दुसऱ्या अवयवात वजाबाकी आहे, आणि अकरा नियमांच्या राज्यात वजाबाकीच नाही. विल्कीची समानता त्या लपलेल्या अवयवाशिवाय उलगडत नाही. मूल जी पायरी सहज 'अवयव पाडून' ओलांडतं तिथे नियमांची सगळी यादी अडून बसते! १९६८ मध्ये डॅनियल रिचर्डसनने याहून कडक गोष्ट दाखवली होती: घातांकाच्या जोडीला साइन आणि केवलमूल्य यांसारखी फलं घेतली, तर दोन राशी सारख्या आहेत का हे दर वेळी ठरवून देणारी कोणतीही रीत असूच शकत नाही.

आणि आता कानपूर. (अ + ब) चा वर्ग म्हणजे अ-वर्ग + ब-वर्ग, ही जगभरच्या मुलांची चूक. मधला २अब राहून जातो. पण फक्त २ ने भागल्यावरची बाकी मोजायची ठरवली, तर २अब ची बाकी शून्य आणि ती चूक बरोबर ठरते. (अ + ब) च्या पाचव्या घाताचे सहगुणक, हलायुधाच्या मेरुप्रस्तारात, म्हणजे सहगुणकांच्या त्रिकोणी मांडणीत, येतात ते, १, ५, १०, १०, ५, १ आहेत. मधले सगळे ५ ने भाग जाणारे. चौथ्या घाताचे १, ४, ६, ४, १. मधल्या ६ ला ४ ने भाग जात नाही. कारण ५ मूळ संख्या आहे, ४ नाही. घातांक मूळ असतो तेव्हाच मधली पदं अशी पुसली जातात. पण शंभर अंकी संख्येसाठी इतके सहगुणक तपासणं अशक्य. आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी ऑगस्ट २००२ मध्ये दाखवलं की तपासायची संख्या न असेल तर (क्ष + अ) चा न-वा घात आणि क्ष चा न-वा घात + अ या दोन्ही राशींना, सहगुणकांच्या न ने भागल्यावरच्या बाक्याच धरून, क्ष च्या एका लहान घातातून १ वजा करून येणाऱ्या राशीने भागून नुसत्या बाक्यांची तुलना करावी, आणि असं मोजक्या अ साठी केलं तर पुरतं. मूळ संख्या ओळखण्याची, नशिबावर काहीही न सोडणारी जलद रीत अशी मिळाली.

नशिबाचा उल्लेख केला, कारण त्याआधीच्या बहुतेक जलद रीती डोळे मिटून निवडलेल्या किमती घालून पाहण्याच्या होत्या. एका चलाच्या, कोटी १० असलेल्या दोन वेगवेगळ्या बहुपदी जास्तीत जास्त १० किमतींना सारख्या येऊ शकतात. हजार किमतींतून एक डोळे मिटून निवडली आणि उत्तरं जुळली, तर फसण्याची शक्यता शेकड्यात एकाहून जास्त नाही. अकरा वेगळ्या किमतींना जुळली तर शंकाच नको. अनेक चलांसाठी हाच हिशेब श्वार्ट्झ आणि झिपेल यांनी १९८० च्या सुमारास मांडला, आणि पसरून लिहिली तर कोट्यवधी पदं होतील अशा राशी संगणक आजही याच रीतीने ताडून पाहतो. आठवीतल्या मुलाने क्ष आणि य ला २ धरून केलेला ताळा तो हाच. कानपूरच्या तिघांनी एका विशेष राशीपुरतं नशीब बाजूला काढलं. सगळ्या बहुपदींसाठी तशी, एकही किंमत चिठ्ठी टाकून न निवडता चालणारी जलद रीत अजून कुणालाही सापडलेली नाही.