पोर्ट घासलं की गाडी खरंच पळते का? आरएक्स 100 वाल्यांनी कानस चालवण्याआधी वाचा

पन्हाळा : जत्रांचा हंगाम सुरू झाला की आमच्या तालुक्यात दोन आवाज हमखास ऐकू येतात. एक हलगीचा आणि दुसरा जुन्या यामाहा आरएक्स 100 चा. ही गाडी आपल्याकडे 1985 ला आली आणि 1996 ला तिचं उत्पादन बंद झालं. तरी गावागावात ती अजून जपलेली आहे. वडिलांची गाडी पोराकडे आली की पहिलं काम ठरलेलं असतं, ते म्हणजे 'पोर्टिंग'. सिलेंडरमधलं धूर बाहेर पडायचं भोक, म्हणजे एक्झॉस्ट पोर्ट, कानशीनं किंवा हँड ग्राइंडरनं मोठं करायचं. गाडी विमानासारखी पळते म्हणतात. हे कितपत खरं, ते आज समजून घेऊ. कारण मी स्वतः यात हात पोळून घेतलाय.

इंजिनात नेमकं काय होतं?

आरएक्स 100 चं इंजिन टू-स्ट्रोक. 98 सीसी, 50 मिलिमीटरचा बोअर आणि पिस्टनची वर-खाली चालही 50 मिलिमीटरच. फोर-स्ट्रोक गाडीत धूर सोडायला व्हॉल्व्ह असतो, इथं तो नाही. पिस्टन हेच झाकण आणि पिस्टन हेच दार.

पेट्रोलचा भडका झाला की पिस्टन खाली ढकलला जातो. खाली येताना आधी एक्झॉस्ट पोर्ट उघडं पडतं आणि धूर बाहेर जातो. त्यानंतर बाजूची ट्रान्सफर पोर्ट उघडतात आणि नवीन पेट्रोल-हवा आत येते. पिस्टन परत वर जाताना आधी ट्रान्सफर पोर्ट झाकतो, शेवटी एक्झॉस्ट. मग उरलेलं मिश्रण दाबलं जातं आणि पुन्हा भडका.

हे सगळं किती वेळात? गाडी 7500 आरपीएमवर असेल तर इंजिन एका सेकंदात 125 फेरे मारतं. एक फेरा म्हणजे सेकंदाचा 125 वा भाग. त्यातला साधारण निम्मा वेळच एक्झॉस्ट पोर्ट उघडं असतं. म्हणून पोर्ट हे नुसतं भोक नाही, ते घड्याळ आहे. त्याचा वरचा काठ कुठं आहे, यावर दार कधी उघडणार आणि कधी मिटणार हे ठरतं.

एक मिलिमीटरनं काय फरक पडतो?

वरचा काठ फक्त एक मिलिमीटर घासून वर नेला, तर दार साधारण सव्वादोन अंश लवकर उघडतं आणि तेवढंच उशिरा मिटतं. म्हणजे एका फेऱ्यात जवळपास पाच अंश जादा उघडं. ऐकायला कमी वाटतं, पण गाडीचा स्वभाव बदलतो.

शेतातलं उदाहरण घ्या. उसाला पाणी पाजताना दारं लवकर मोडलं तर सरीच्या टोकापर्यंत पाणी पोचत नाही. तसंच इथं. दार लवकर उघडलं की पिस्टनला खाली ढकलणारा जोर मधेच निघून जातो. आणि दार उशिरा मिटलं की नवीन पेट्रोलही त्याच वाटेनं सायलेन्सरमध्ये जातं.

मग पळते कशी? जादा वेगात वेळच एवढा कमी असतो की सगळा धूर बाहेर पडायला पुरत नाही. तिथं दार जास्त वेळ उघडं राहिलेलं फायद्याचं ठरतं. सायलेन्सरमधून उलट येणारी दाबाची लाट बाहेर चाललेलं पेट्रोल परत आत ढकलते, ती लाटही ठराविक वेगातच वेळेवर पोचते. म्हणून पोर्ट घासलेली गाडी वरच्या वेगात जोरात ओढते, हे खोटं नाही. पण ती ताकद खालच्या वेगातून काढून वर नेलेली असते.

माझ्या गाडीचं काय झालं

चार वर्षांपूर्वी मी वडिलांची गाडी तालुक्याच्या एका गॅरेजमध्ये दिली. मिस्त्रीनं माप न घेता, नजरेच्या अंदाजानं पोर्ट वर आणि रुंद दोन्ही बाजूंनी घासलं. दीड हजार घेतले. पहिले आठ दिवस मोकळ्या रस्त्यावर मजा आली. पण माझं रोजचं काम दुधाचं. मागं दोन कॅन बांधून चढ चढायचा म्हटलं की गाडी मरायची. जिथं आधी दुसऱ्या गिअरवर निवांत चढायची तिथं पहिला टाकून क्लच जाळावा लागायचा. ॲव्हरेज चाळीसवरून अठ्ठावीसवर आलं.

तिसऱ्या महिन्यात डेअरीच्या वाटेवर खटकन आवाज आला आणि गाडी जाम. उघडून बघितलं तर रिंग तुटून पोर्टात अडकलेली, बोअरवर खोल ओरखडे. कोल्हापूरला उद्यमनगरात नेली तेव्हा तिथल्या जुन्या फिटरनं सांगितलं, "पोर्ट एवढं रुंद केलंय की रिंगला टेकायला जागाच नाही. रिंग बाहेर फुगते आणि काठावर आपटते. आणि काठ नुसता घासून तसाच धारदार सोडलाय."

रिबोअर करून चालेल का विचारलं, तर तो हसला. बोअर मोठा होतो, पण वर गेलेलं पोर्ट खाली येत नाही. घासलेलं लोखंड परत येत नसतं. नवीन लायनर, पिस्टन, रिंग मिळून साडेपाच हजार गेले. आठ दिवस दूध दुसऱ्याच्या गाडीवरून घालावं लागलं ते वेगळंच.

रीलमधल्या रोटरी इंजिनाचं काय?

पोरं मोबाइलवर जपानच्या माझदा गाड्या दाखवतात. त्यात पिस्टन नसतो, त्रिकोणी रोटर फिरतो. पण व्हॉल्व्ह तिथंही नसतो, पोर्टच असतं. याच कंपनीच्या रोटरी इंजिनाच्या 787 बी गाडीनं 1991 साली फ्रान्समधली ल मां ही 24 तासांची शर्यत जिंकली. आरएक्स 7 गाडीचं एक्झॉस्ट पोर्ट घासून तिकडचे लोकही ताकद वाढवतात. पण नियम तोच. वरच्या वेगात फायदा, खाली गाडी धडधडते. काठ चुकला की रोटरच्या टोकाची सील अडकते. जास्त घासलं तर आतली पाण्याची वाट फुटते.

विशेष म्हणजे 2003 च्या आरएक्स 8 मध्ये माझदानंच हे पोर्ट बाजूच्या प्लेटमध्ये नेलं, कशासाठी? आत येणारं आणि बाहेर जाणारं दार एकाच वेळी उघडं राहू नये म्हणून. यामाहानंही 1980 च्या दशकात परदेशातल्या काही टू-स्ट्रोक गाड्यांत पोर्टच्या वरच्या काठाला फिरणारा व्हॉल्व्ह बसवला. कमी वेगात काठ खाली, जादा वेगात वर. कानशीनं घासलेला काठ मात्र कायमचा वरच राहतो.

मग करायचं काय?

- गाडी ओढत नसेल तर आधी कार्बन बघा. पोर्टात आणि सायलेन्सरमध्ये काजळी साचून ताकद जाते. गवत कापायचं मशीन आणि टू-स्ट्रोक फवारणी पंपालाही हे लागू आहे. पिस्टन वर घेऊन पोर्ट झाकून घ्या आणि लाकडी काडीनं काजळी काढा. स्क्रू ड्रायव्हर घालू नका.
- त्यानंतर प्लग, एअर फिल्टर आणि कार्बुरेटर साफ करा. रिंग झिजली असेल तर बदला.
- शर्यतीसाठी पोर्टिंग करायचंच असेल तर वेगळं सिलेंडर घ्या, घरचं मूळ सिलेंडर जपून ठेवा. जाणते मिस्त्री आधी माप घेतात, रुंदी बोअरच्या 60 ते 65 टक्क्यांपुढं नेत नाहीत आणि काठाची धार मारून गोलाई देतात. जो माप घेत नाही त्याला सिलेंडर देऊ नका.
- जुनी गाडी विकत घेताना सायलेन्सरचे दोन नट काढून बॅटरीनं पोर्ट बघा. कानशीचे ओरखडे किंवा वाकडातिकडा काठ दिसला तर लायनरचा खर्च धरूनच भाव करा.

कायद्याचंही ध्यानात ठेवा. गाडीत बेकायदा बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागं 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज आणि धुराच्या नियमभंगाला पहिल्या वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. या सगळ्या गाड्यांची 15 वर्षे कधीच उलटलीत. दर पाच वर्षांनी आरटीओत पुन्हा नोंदणी करावी लागते, तिथं हे अडचणीचं ठरतं.

माझी गाडी आता मूळ मापाच्या लायनरवर आहे. विमानासारखी पळत नाही. पण सकाळी सहाला दोन कॅन घेऊन दुसऱ्या गिअरवर चढ चढते, आणि मला तेवढंच पाहिजे.