हेड्रियनची भिंत बघायला जाताना

सुट्टीत इंग्लंडच्या उत्तरेकडे जाणार असाल, तर हेड्रियनची भिंत यादीत असणारच. पण मुलांना गाडीतच सांगून ठेवा, रायगडासारखं काही दिसणार नाही. बऱ्याच ठिकाणी भिंत जेमतेम कमरेएवढी उरली आहे, काही ठिकाणी तीही नाही. शेकडो वर्षं लोकांनी तिचे दगड नेऊन घरं, गोठे आणि चर्चं बांधली.

इसवी सन 122 मध्ये रोमन सम्राट हेड्रियन ब्रिटनमध्ये आला आणि हे काम सुरू झालं. पूर्वेला वॉल्सएंड, पश्चिमेला बोनेस, मधलं अंतर 73 मैल. दर रोमन मैलाला एक चौकी, दोन चौक्यांमध्ये टेहळणीचे दोन मनोरे. आणि हो, ही आजची स्कॉटलंडची सीमा नव्हे. भिंत सगळी इंग्लंडातच आहे.

एकच दिवस हाताशी असेल तर हाउसस्टेड्सचा किल्ला बघा. वर चढून जावं लागतं आणि वारा बोचरा असतो, तेव्हा उन्हाळ्यातही जाकीट हवंच. मुलांना तिथे सगळ्यात जास्त आवडतं ते सैनिकांचं सार्वजनिक शौचालय. रांगेत शेजारी शेजारी बसायचं, मध्ये आडोसा नाही! फोटोसाठी भिंतीवर मात्र चढू देऊ नका, दगड निखळतात.

जवळच विंडोलांडा आहे. तिथल्या ओल्या मातीत पातळ लाकडी पट्ट्यांवर शाईने लिहिलेली पत्रं सापडली. एका पत्रात मोजे, चपला आणि आतले कपडे पाठवल्याचा उल्लेख आहे, दुसऱ्यात एका बाईने मैत्रिणीला वाढदिवसाचं बोलावणं केलं आहे. रोमन सैन्य म्हटलं तरी इथले बरेचसे सैनिक आजच्या बेल्जियम-नेदरलँड्सच्या बाजूचे होते.

माझ्या मते मात्र खरी बघण्याची वस्तू भिंतीवर नाहीच. ती आहे टाइन नदीच्या मुखाशी, साउथ शील्ड्सच्या आर्बिया किल्ल्यात. रेजिना नावाच्या बाईचं थडगं. ती दक्षिण इंग्लंडमधल्या एका टोळीतली, आधी गुलाम. सीरियातल्या पाल्मिराहून आलेल्या बराटेसने तिला मुक्त केलं, तिच्याशी लग्न केलं. तिसाव्या वर्षी ती गेली. दगडावर ती वेताच्या खुर्चीत बसली आहे, शेजारी लोकरीची टोपली. चेहरा तुटला आहे. खाली लॅटिन मजकूर आहे, त्यात व्याकरणाच्या चुका. त्याच्याही खाली एकच ओळ, पाल्मिराच्या लिपीत, सफाईदार अक्षरात: तिचं नाव, त्याचं नाव आणि एक हळहळ. टाइनच्या काठी ती लिपी वाचणारे असे कितीसे असतील? तरी त्याने ती कोरवून घेतली. दर शनिवारी मुलांना मराठीच्या वर्गाला नेणाऱ्या आईबाबांनी या दगडापाशी जरा जास्त वेळ थांबावं.

न्यूकॅसलहून साउथ शील्ड्सला थेट मेट्रो जाते. आर्बिया बारा महिने उघडं नसतं, निघण्याआधी वेळा बघून घ्या.