आधी सावली, मग सोलर

तंजावरला स्वतः उभं राहून घर बांधायचं आणि विजेसाठी कुणाचं तोंड पाहायचं नाही, असं ठरवलेला माणूस बहुतेक वेळा आधी सोलरच्या दुकानात जातो. नकाशा कागदावर उतरायच्या आत ५ किलोवॉटचं पॅकेज, इन्व्हर्टर आणि बॅटऱ्यांचा भाव त्याच्या वहीत पडलेला असतो. हा उलटा कारभार आहे. तिथल्या हवेत वीज वाचते किंवा जळते ती छपरात, भिंतीत आणि खिडकीत. पॅनेलचं काम त्यानंतरचं.

तारेपासून मोकळं होण्याची ओढ निव्वळ हौसेपोटी असते असंही नाही. १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे 'गज' चक्रीवादळ वेदारण्यम-नागपट्टिणमच्या किनाऱ्यावर आदळलं आणि तंजावर जिल्ह्यातल्या पट्टुकोट्टै, पेरावुरणी, ओरत्तनाडू भागातल्या नारळाच्या बागा आडव्या झाल्या. विजेचे खांबही झाडांबरोबर गेले. कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. बोअरची मोटार विजेवर, त्यामुळे पाणीही नाही.

तर सुरुवात सूर्यापासून करू. तंजावर सुमारे पावणेअकरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. साधारण १८ एप्रिलला दुपारचा सूर्य तिथे बरोबर डोक्यावर येतो, मग उत्तरेकडे सरकतो आणि २५ ऑगस्टच्या सुमाराला पुन्हा डोक्यावर येतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात भर दुपारचं ऊन उत्तरेच्या भिंतीवर असतं. 'उत्तरेची खोली थंड' हा पुस्तकी ठोकताळा इथे चालत नाही. छज्जे दक्षिणेला हवेत तसे उत्तरेलाही हवेत. पॅनेलं दक्षिणेकडे जेमतेम दहा-अकरा अंश कलती ठेवली की पुरे. तेवढ्या उतारावर पावसाने धूळही धुऊन निघते.

एकमजली घरात सगळ्यात जास्त उष्णता वरून येते. काँक्रीटचा नागडा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री झोपणाऱ्याच्या अंगावर ती धग सोडतो. यावर तमिळ कोत्तनारांकडे, म्हणजे गवंड्यांकडे, जुना उपाय आहे. विटांचे तुकडे आणि चुना यांचा जाड थर गच्चीवर घालायचा, त्यात हिरड्याचं आणि गुळाचं पाणी मुरवायचं, लाकडी थापीने दिवसचे दिवस ठोकून घट्ट करायचा आणि वर भाजलेल्या चौकोनी फरश्या बसवायच्या. त्यावर दरवर्षी पांढरी चुन्याची सफेदी. ठोकणारे हात आता कमी झालेत आणि मजुरी वाढली आहे, पण अंदाजपत्रक कापायची वेळ आली तर दुसरं काहीही कापा, हा थर कापू नका. जुन्या घरांतल्या 'मद्रास टेरेस'मध्ये तर स्लॅबच नसतो. सागवानी कड्यांवर विटा उभ्या, तिरक्या रचून चुन्यात बसवलेल्या असतात.

मराठी माणसाची इथे एक फसगत होते. पुण्याच्या वाड्यातली हातभर जाडीची भिंत त्याच्या डोळ्यांपुढे असते. पुण्याला उन्हाळ्यातली रात्र बरीच गार होते आणि भिंत निवते. तंजावरला मे महिन्यात रात्रीही पारा पंचविशीच्या खाली क्वचितच उतरतो, शिवाय हवा दमट. जाड भिंत निवायला वावच नसतो. तिथे भिंतीवर ऊन पडूच न देणं आणि घरातून वारा आरपार खेळवणं, हेच खरं औषध. भिंतीसाठी लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेली 'रॅट ट्रॅप' रचना चांगली: विटा कडेवर उभ्या लावायच्या, मध्ये पोकळी राहते, उष्णता अडते आणि विटाही सुमारे पाव हिश्शाने वाचतात.

वाऱ्याचा मात्र पेच आहे. आडी महिन्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टात, जोराचा वारा पश्चिमेकडून येतो आणि संध्याकाळचं झोंबरं ऊनही पश्चिमेकडूनच. खिडक्या बंद केल्या तर वारा जातो, उघडल्या तर ऊन येतं. जुन्या घरांनी हा पेच तिण्णैने सोडवला. तिण्णै म्हणजे रस्त्याकडेची ओटी, खांबांवर पुढे आलेल्या छपराखाली. आत मुट्रम्, म्हणजे उघडा चौक. तापलेली हवा चौकातून वर निघून जाते आणि तिच्या जागी ओटीच्या सावलीत निवलेली हवा आत येते. वाडा पाहिलेल्याला यात नवं काही नाही. फरक एवढाच की इथे चौक मोठा नको, नाहीतर दुपारी तोच तापतो.

माती पाहूनच पाया. कावेरीच्या गाळाची चिकणमाती पावसात फुगते, उन्हात आकसते. पश्चिमेकडे वल्लमच्या बाजूला तांबडी जमीन लागते. पाच टक्क्यांच्या आसपास सिमेंट घालून दाबलेल्या मातीच्या विटा करायला तशीच माती लागते. ऑरोव्हिलच्या अर्थ इन्स्टिट्यूटने हे तंत्र अनेकांना शिकवलं आहे.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. १०० चौरस मीटर छपरावर वर्षाला ९०० मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असं मानलं, तरी ७२,००० लिटर हाती लागतात. चौघांना रोज ४०० लिटर म्हटलं तर सहा महिन्यांची सोय. छपरावरचं पाणी जिरवण्याची वा साठवण्याची सक्ती तमिळनाडूने २००३ मध्येच केली. त्याच्या कितीतरी आधी नायक आणि मग भोसले राजांच्या वाड्याला पिण्याचं पाणी शिवगंगा तळ्यातून येत असे. पाऊस साठवून वापरणं या गावाला नवं नाही.

आता वीज. ७५ वॉटचे चार साधे पंखे बारा तास चालले की ३.६ युनिट, २८ वॉटचे बीएलडीसी पंखे तेवढ्याच वेळात १.३ युनिट. दिवे, फ्रिज, अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप, मिक्सर, टीव्ही, मोबाइल मिळून दीड-दोन युनिट. म्हणजे रोजचे सव्वातीन. यात एक टनाचा एसी आठ तास घातला की त्याचेच पाच-सहा युनिट, आणि पॅनेलं, बॅटऱ्या, खर्च सगळं दुपटीच्या पुढे. बॅटरी उन्हाळा पाहून घ्यायची नाही. तंजावरचा खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्येकडून येतो. आभाळ दोन-दोन दिवस उघडत नाही. दोन दिवसांचे साडेसहा युनिट हवेत, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटची ८ युनिटांची बॅटरी. लेड-अ‍ॅसिडची निम्मीच वापरायची असल्याने १३ युनिटांच्या घ्याव्या लागतील आणि चार-पाच वर्षांत बदलाव्याही लागतील.

मग तार तोडायची का? माझं उत्तर नाही असं आहे. तमिळनाडूत २०१६ पासून घरगुती ग्राहकाला दोन महिन्यांमागे १०० युनिट फुकट मिळतात. 'पीएम सूर्यघर' योजनेचं ३ किलोवॉटला मिळणारं ७८,००० रुपयांचं अनुदानही ग्रिडला जोडलेल्या पॅनेलांनाच आहे. पण इन्व्हर्टर हायब्रिडच, म्हणजे ग्रिड आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा, घ्यावा. साधा ग्रिड-टाय इन्व्हर्टर बाहेरची वीज गेली की लाइनवर काम करणाऱ्याच्या सुरक्षेसाठी आपोआप बंद पडतो. वादळानंतर छपरावर लखलखीत ऊन आणि घरात अंधार, अशी गत होते आणि मालकाला ते तेव्हाच कळतं. दिवे, पंखे, फ्रिज आणि पंप यांची वायरिंग वेगळी काढून बॅटरीवर ठेवली की घर तारेवाचून महिनाही काढू शकतं.

तेव्हा ठेकेदाराला पहिला हप्ता देण्याआधी एका संध्याकाळी बसा आणि घरातल्या प्रत्येक वस्तूचे वॉट आणि तास मांडून पाहा. बेरीज रोजच्या चार युनिटांच्या वर जात असेल तर पॅनेल वाढवू नका. यादी कापा आणि वाचलेले पैसे गच्चीवर घाला.