पहाटेचे नौकानयन आणि दिनचर्या

दिनचर्येतील व्यायामाविषयी आपण रुग्णास सांगतो तेव्हा चालणे, सूर्यनमस्कार, जोर-बैठका किंवा योगासने यांपलीकडे आपले मन सहसा जात नाही. गेल्या काही वर्षांत मात्र आमच्याकडे येणाऱ्यांत वल्हवण्याचा व्यायाम, म्हणजे रोइंग, करणारी मंडळी अधूनमधून दिसू लागली आहेत. पुण्यात संगमाजवळ अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब जुना आहे. दापोडीच्या सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयात सैन्याचे रोइंगचे केंद्र आहे. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्याच्या तळेगाव रोही येथील दत्तू भोकनळ यांनी सैन्यात गेल्यावर वल्हे हाती धरले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ते एकेरी नौकानयनात तेरावे आले आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेतून सुवर्णपदकाचे मानकरी ठरले. त्यांच्यामुळे हा खेळ ग्रामीण भागातील मुलांनाही नावाने ठाऊक झाला. ज्यांना पाणी जवळ नाही ते व्यायामशाळेतील किंवा घरातील यंत्रावर वल्हवतात.

ही मंडळी आपल्याकडे ज्या तक्रारी घेऊन येतात त्या साधारण ठरलेल्या असतात. कंबर धरते, दुपारी कामावर डोळे मिटतात, भूक पूर्वीसारखी लागत नाही, तळहाताची साल निघाली आहे. शेवटी मागणी असते ती ‘ताकदीच्या औषधा’ची. आमचे मत असे की यांपैकी बहुतेक तक्रारींचे मूळ वल्हे हाती घेण्यापूर्वीच्या दहा-बारा तासांत असते. ते न विचारता बल्य कल्प लिहून देणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी ओतणे होय.

पहाटच का, हा प्रश्न रुग्णाचे नातेवाईक हमखास विचारतात. नौका अरुंद व हलकी असते. थोड्या लाटेनेही ती डळमळते. पहाटे वारा बहुधा पडलेला असतो, पाणी आरशासारखे स्थिर असते. दिवस तापला की वारा सुटतो, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस दुपारनंतर वळवाच्या वादळाचा भरवसा नसतो. मे २०२२ मध्ये कोलकात्याच्या रवींद्र सरोवरात सायंकाळच्या सरावाच्या वेळी वादळ उठून नौका उलटली व दोन शाळकरी मुले बुडाली. तेव्हा वेळ बदला असा सल्ला देणे सोपे असले तरी पाण्यावर जाणाऱ्याच्या बाबतीत तो योग्य ठरेलच असे नाही. वेळ तीच ठेवून बाकीचा दिवस तिच्याभोवती बसवावा लागतो. यंत्रावर व्यायाम करणाऱ्यास हे बंधन नाही, आणि त्याने साडेपाचचा हट्ट धरण्याचे कारणही नाही.

आदल्या रात्रीचा हिशेब

साडेपाचला पाण्यावर उतरायचे तर साडेचारला उठणे आले. सात तास झोप हवी असेल तर साडेनऊला डोळा लागला पाहिजे, आणि रात्रीचे जेवण साडेसातच्या पुढे जाता कामा नये. शहरातील नोकरदाराला हे वेळापत्रक कागदावर मांडून दाखवावे. आमचा अनुभव असा की पहाटे उठण्याची तयारी सर्वांची असते. साडेसातला जेवण्याची मात्र फारच थोड्यांची.

ब्राह्ममुहूर्तावर उठावे, हे आपण जाणतोच. अष्टांगसंग्रहात त्यासोबतच अन्न पचले की नाही याचा विचार करण्यास सांगितले आहे, आणि अजीर्ण असणाऱ्यास व्यायाम निषिद्ध मानला आहे. ही दोन वचने नौकानयन करणाऱ्याच्या बाबतीत एकत्र वाचली पाहिजेत. ढेकर शुद्ध येणे, अंग हलके वाटणे, उत्साह असणे, मलमूत्राचे वेग वेळेवर येणे, भूक-तहान लागणे ही जीर्णाहाराची लक्षणे त्याला समजावून द्यावीत. आदल्या रात्रीचे लग्नाचे जेवण छातीशी असताना तो नौकेत बसला, तर प्रत्येक ओढीबरोबर गुडघे पोटाशी येतात व अम्लोद्गार वर येतात. चार दिवस असे झाले की तो आपल्याकडे ‘पित्त झाले’ म्हणून येतो.

जागरण झाले असेल तर काय करावे? वाग्भटाने सांगितले आहे की जागरण झालेल्याने जागरणाच्या निम्मा वेळ सकाळी, काही न खाता, झोपावे. त्या दिवशी वल्हे न घेणे हीच दिनचर्या होय. साथीदार खोळंबतील म्हणून चार तासांच्या झोपेवर पाण्यावर जाणारे तरुण आम्ही पाहतो. त्यांच्या प्रशिक्षकाशी वैद्याने स्वतः बोलावे असे आम्हांस वाटते.

उठणे व पहिली ओढ यांमधील तास

या लेखाचा गाभा येथे आहे. शौच, दंतधावन, गंडूष, अभ्यंग आणि मग व्यायाम हा शास्त्रातील क्रम आहे. पुष्कळांना ही जुन्या काळातील निवांत माणसाची दिनचर्या वाटते. परंतु कंबरेच्या दृष्टीने पाहिले तर या क्रमाचा अर्थ उलगडतो. रात्रभर आडवे राहिल्याने मणक्यांमधील चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. त्यामुळे उठल्यावरच्या पहिल्या तासात पाठ पुढे वाकवली असता तिच्यावर पडणारा ताण दिवसातील इतर वेळेपेक्षा अधिक असतो. उभे राहून हिंडू-फिरू लागल्यावर तो उतरत जातो. आता नौकानयनाचा हिशेब करा. सावकाश वल्हवणाराही मिनिटाला वीस ओढी घेतो. पन्नास मिनिटांत एक हजार. म्हणजे अंथरुणातून उठून वीस मिनिटांत नौकेत बसणारा मनुष्य आपली कंबर तिच्या सर्वांत नाजूक वेळी हजारदा वाकवतो. त्याला नुसता कटिबस्ती देऊन भागणार नाही. त्याला तासभर आधी उठवणे, किंवा पाण्यावर तासभर उशिरा पाठवणे, ही चिकित्सेची पहिली पायरी आहे.

या तासाला दुसरेही प्रयोजन आहे. पाण्यावर गेल्यावर तासभर परत येता येत नाही, त्यामुळे मलमूत्राचे वेग धरले जातात. रोज असे झाले की अपानाची तक्रार सुरू होते. ‘आल्यावर जातो’ असे म्हणणाऱ्यास कोमट पाणी देऊन दहा मिनिटे अंगणात चालावयास सांगावे.

अभ्यंगाविषयी मात्र एक सावधगिरी हवी. पाठ, कंबर, मांड्या, गुडघे व पाय यांना थोडे तेल चोळून जिरवावे. तळहातांस लावू नये. वल्ह्याची मूठ निसटली तर नौका उलटू शकते. यंत्राची मूठही तेलकट झाली की मनगटावर जोर येतो. सर्वांगाचा सावकाश अभ्यंग सुट्टीच्या दिवसासाठी राखून ठेवावा. नस्य घेऊन लगेच थंड वाऱ्यात जाणेही बरे नव्हे. प्रतिमर्श नस्याच्या काळांत व्यायामानंतरचा काळ सांगितलेला आहेच, तो येथे सोयीचा.

उपाशीपोटी जावे की काही खाऊन, याचे उत्तर अवधीवर आहे. अर्ध्या-पाऊण तासासाठी कोमट पाणी पुरते. त्याहून अधिक असेल तर भिजवलेल्या मनुका किंवा दोन-तीन खजूर चालतात. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यास साखर न तपासता रिकाम्या पोटी पाण्यावर पाठवू नये. मध्येच साखर उतरली तर तिथे धरावयास कोणी नसते. आणि पोहता न येणाऱ्याने नौकेत बसूच नये, मग त्याची प्रकृती कोणतीही असो.

अर्धशक्तीची ओळख

बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्यानेही व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा, असे शास्त्र सांगते. सुश्रुतसंहितेत बलार्धाचे लक्षण श्वासावरून दिले आहे. कपाळ, नाक, काखा व सांध्यांवर घाम येणे, तोंडास कोरड पडणे हीही लक्षणे सांगितली जातात. पहाटेच्या गार वाऱ्यात घाम अंगावर टिकत नाही, म्हणून नौकेत घामावर विसंबू नये. कोकणपट्टीच्या दमट हवेत उलट तो पाचच मिनिटांत येतो. श्वास हाच विश्वासू साक्षीदार. शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता येते तोवर मनुष्य अर्धशक्तीच्या आत आहे. शब्द तुटू लागले की सीमा आली.

स्पर्धक ही सीमा ओलांडणार हे उघड आहे. दोन हजार मीटरची शर्यत सहा ते आठ मिनिटे चालते आणि तीत काही राखून ठेवता येत नाही. पण जाणते प्रशिक्षक सरावाचा बहुतांश भाग सावकाश गतीनेच करवून घेतात. म्हणजे अर्धशक्तीचे तत्त्व त्यांच्याही अंगवळणी पडलेले आहे. अडचण घरातील यंत्रावर बसणाऱ्या गृहस्थाची असते. यंत्राच्या बाजूला हवेची झडप कमी-अधिक करणारी एक ते दहा आकड्यांची खिट्टी असते. ती दहावर ठेवली म्हणजे व्यायाम अधिक झाला अशी त्याची समजूत असते. तीन ते पाच एवढे पुरेसे असते. दहावर प्रत्येक ओढ जड होऊन भार कमरेवर जातो. जोर पायांचा असावा. आधी पाय सरळ होतात, मग धड मागे झुकते, शेवटी हात येतात; परतीचा क्रम याच्या उलट. रुग्णाला चिकित्सालयात जमिनीवर बसवून हे करून दाखवावयास सांगितले तर निम्मे निदान तिथेच होते.

तृष्णा, श्रम, क्लम, कास, ज्वर, छर्दी ही अतिव्यायामाची लक्षणे आपणांस पाठ आहेत. त्यांच्या जोडीला काही गोष्टी या व्यायामात विशेष पाहाव्यात. छातीच्या कडेला एकाच जागी दुखते आणि खोकताना किंवा कुशीवर वळताना कळ येते असे सांगणाऱ्या वल्हेकऱ्याच्या बरगडीस बारीक चीर असू शकते. ती पहिल्या काही आठवड्यांत साध्या क्ष-किरणात दिसतेच असे नाही. तेथे मर्दन करू नये. विश्रांती द्यावी व अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. श्रमाबरोबर छातीत दडपण येणाऱ्या पन्नाशीच्या गृहस्थास औषध देण्याआधी हृदयाची तपासणी करवून घ्यावी. तळहाताचे फोड फोडू नयेत. नदीचे पाणी शहरांतून वाहताना कसे असते हे सांगावयास नको. जखम स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी. अशा पाण्याशी संपर्क आल्यानंतर काही दिवसांनी ज्वर, अंगदुखी व डोळ्यांत लाली दिसली तर लेप्टोस्पायरोसिसची रक्ततपासणी विनाविलंब करावी.

ऋतू आणि घड्याळ

हेमंत, शिशिर व वसंत या ऋतूंत व्यायाम अर्ध्या शक्तीने आणि एरवी मंद, हा वाग्भटाचा दंडक येथे तंतोतंत लागू पडतो. पुण्यात जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे ब्राह्ममुहूर्त साडेपाचला लागतो. मे महिन्यात सूर्योदय सहाच्या सुमारास, म्हणून तोच साडेचारच्या आत. वर्षभर एकच गजर लावणारा हिवाळ्यात अकारण लवकर उठतो. थंडीत तासभर उशिरा, अंग झाकून, पुरेसे वल्हवावे. उन्हाळ्यात लवकर, पण निम्म्याने कमी. ग्रीष्मात दिवसा झोपण्याची मुभा शास्त्राने दिली आहे, ती सुट्टीच्या दुपारी घ्यावी. पावसाळ्यात नदीला पूर असताना पाण्यावर जाणे बंदच ठेवावे.

परत आल्यावर श्वास स्थिर होऊन घाम वाळेपर्यंत थांबावे, हलके मर्दन करावे, मग कोमट पाण्याने स्नान. भूक लागल्यावर नाचणीची आंबील, तूप घातलेली पेज किंवा मऊ भात द्यावा. गाडीत बसून वडापाव खात कचेरी गाठणे ही या दिनचर्येची सर्वत्र आढळणारी मोडतोड आहे.

औषधी विक्रेत्यांसाठी

आता औषधालय चालवणाऱ्या बंधू-भगिनींसाठी. स्पर्धेत उतरणारा खेळाडू उत्तेजकविरोधी चाचणीस बांधलेला असतो. २०२२ च्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायद्याने नाडा या संस्थेस वैधानिक आधार मिळाला आहे. शरीरात निषिद्ध द्रव्य सापडले तर ते अजाणता गेले ही सबब पुरत नाही. कंबरदुखीसाठी सहज दिली जाणारी विषतिंदुक वटी, भूक लागावी म्हणून दिली जाणारी अग्नितुंडी वटी, या दोहोंत कुचला आहे. त्यातील स्ट्रिक्निन स्पर्धाकाळात निषिद्ध आहे. अतिसारातील कर्पूर रसात अहिफेन आणि जातीफलादि चूर्णात भांग, हीही तशीच. सोमलतेतील एफेड्रिन ठरावीक मर्यादेपुढे गेले की तेही अडचणीत आणते. गुळवेलीचे नाव घेऊन तिच्या जातभाई वेलीचे चूर्ण विकले जात असेल तर तेही पाहावे. २०१७ पासून यादीत नावाने आलेले हिजेनामिन हे द्रव्य टिनोस्पोरा क्रिस्पा या वेलीत आढळते. आपली गुळवेल टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया होय.

म्हणून गिऱ्हाईक बल्य औषध मागू लागले की आधी एकच प्रश्न विचारावा : स्पर्धेत उतरता का? उत्तर होकारार्थी आले तर घटकद्रव्ये पूर्ण न छापलेले, सुटे किंवा पुडीतील चूर्ण देऊ नये. पक्के बिल द्यावे, त्यावर घाणा क्रमांक लिहावा, आणि औषधाचे वेष्टन संघाच्या डॉक्टरांना दाखवल्याखेरीज ते उघडू नये असे बजावून सांगावे.