भीती ओसरते ती जेवताना

वरणभातावर एक चमचा तूप घातलंय. आहाराच्या विकाराने ग्रासलेल्या मुलीला विचारलं, ‘हे खाल्लंस तर काय होईल?’ तर ती सांगते, ‘आठवड्यात दोन किलो वाढेन.’ तिची छाती धडधडत असते, हात गार पडलेले असतात. ही भीती खरी असते, तिला नखरे म्हणणं अन्यायाचं आहे.

अनुभवी थेरपिस्ट इथे वाद घालत नाही, तुपाचे गुणही सांगत नाही. तो तिचं भाकीत कागदावर लिहून घेतो आणि त्यावर तिचा किती विश्वास आहे, याला शंभरपैकी आकडा द्यायला सांगतो. मग ती तो भात खाते. पाण्याचे घोट घेत घास ढकलायचा नाही, तूप बाजूला सारायचं नाही, जेवल्यावर जिने चढायला पळायचं नाही. भीती तशा पळवाटांवरच पोसली जाते. वजन आठवड्यातून एकदाच, थेरपिस्टसमोर करायचं. शरीरातल्या पाण्यामुळे काटा किलोभर सहज इकडेतिकडे होतो, म्हणून एका आकड्यावर काही ठरवायचं नाही. काही आठवड्यांचा कल पाहायचा आणि मग तो कागद पुन्हा उघडायचा.

याला एक्स्पोजर थेरपी म्हणतात. मेंदूतली जुनी भीती यातून पुसली जात नाही. ‘खाल्लं, आणि भाकीत खोटं ठरलं’ ही नवी आठवण तिच्या शेजारी तयार होते. ती पक्की व्हायला घरी, हॉटेलात, लग्नाच्या पंगतीत असं पुन्हा पुन्हा खावं लागतं.

अनेकांची चिंता आजाराआधीपासूनची असते. वॉल्टर के आणि सहकाऱ्यांनी २००४ साली आहारविकार असलेल्या ६७२ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे दोनतृतीयांश जणांना आयुष्यात कधी ना कधी चिंताविकार झालेला होता, आणि बहुतेकांचा तो लहानपणीच सुरू झाला होता.

पण उपासमार स्वतःही चिंता निर्माण करते. हे दाखवणारा प्रयोग अन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात केला. युद्धात लढायला नकार दिलेले ३६ धडधाकट, मनाने खंबीर तरुण त्यात स्वेच्छेने सामील झाले. २४ आठवडे अर्धपोटी राहून त्यांचं वजन साधारण पाव हिश्शाने घटलं. ते चिडचिडे, उदास, चिंतातुर झाले. पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागले, ताटं चाटू लागले. यातल्या कुणालाही आधी आहाराचा विकार नव्हता.

म्हणूनच ‘आधी तिचं मन शांत होऊ दे, मग खाईल’ हा घरोघरी ऐकू येणारा विचार मला घातक वाटतो. उपाशी मेंदू शांत होत नाही. ऑक्सफर्डचे ख्रिस्तोफर फेअरबर्न यांच्या उपचारपद्धतीत सुरुवातीलाच दिवसाची तीन जेवणं आणि मधलं खाणं ठरलेल्या वेळी, भूक असो-नसो, घ्यायचं असतं. वजन फार कमी नसेल तर हा उपचार साधारण २० आठवड्यांचा असतो. किशोरवयीन मुलांसाठी लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात घडलेल्या पद्धतीत तर सुरुवातीला ताटात काय वाढायचं हे आईवडीलच ठरवतात, आणि आजाराचा दोष त्यांच्यावर कुणी टाकत नाही.

हे सगळं घरच्या घरी, जबरदस्तीने करायचं नाही. वजन खूप घटलेल्या माणसाला एकदम भरपूर खाऊ घातलं तर रक्तातलं फॉस्फेट घसरून जीव धोक्यात येऊ शकतो. वारंवार उलट्या काढणाऱ्यांचं पोटॅशियम उतरतं, हृदयाचे ठोके बिघडतात. त्यामुळे आधी डॉक्टरांची तपासणी हवीच.

घरात कुणी जेवण टाळत असेल, जेवल्यावर लगेच बाथरूमचं दार लावून घेत असेल, तर ‘किती वाळलीस’ किंवा ‘आता जरा भरलीस’ असं काही बोलू नका. त्याला सोबत घेऊन मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. कुठे जायचं हे कळत नसेल तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, आणि तिथे मराठीतही बोलता येतं.