कर्माची खूण: नामावर की क्रियापदात?

कुंभकोणममध्ये मराठी घरं आहेत, हे महाराष्ट्रात फारसं कुणाला ठाऊक नसतं. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावरला गादी स्थापली आणि कावेरीकाठी मराठी रुजली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ साली याच गावात, अशाच मराठी घरात जन्मले. या घरांतलं मूल उंबऱ्याच्या आत मराठी बोलतं आणि बाहेर तमिळ. वाक्यातलं कर्म ओळखण्याच्या दोन रीती ते न शिकवता शिकतं. आपण शाळेत व्याकरण शिकूनही त्याबद्दल बरेच गैरसमज बाळगतो.

पहिला समज: कर्म म्हणजे द्वितीया, आणि द्वितीया म्हणजे 'स, ला, ते'. 'आईने पोळी लाटली' या वाक्यात पोळीला कुठलाच प्रत्यय नाही, तरी ती कर्मच आहे. मग 'ला' फक्त माणसांना लागतो का? तेही पुरतं खरं नाही. 'आम्ही मुलगी पाहिली' आणि 'आम्ही मुलीला पाहिलं' यांतला फरक लग्न जमवणाऱ्या घराला सांगावा लागत नाही. पहिल्यात कांदेपोह्यांचा कार्यक्रम आहे, दुसऱ्यात एक ठरावीक मुलगी दृष्टीस पडली आहे. तमिळमध्ये 'ला'चं काम 'ऐ' करतो, आणि माणसाचा उल्लेख असला की तो सहसा येतोच. पण स्थळ बघायला निघालेलं कुंभकोणमचं कुटुंब 'पोण्णु पार्क्क' जातं. तिथे 'ऐ' गळतो, नेमका आपल्या 'मुलगी पाहायला'सारखा. दोन वेगळ्या कुळांतल्या भाषांनी एकाच ठिकाणी प्रत्यय सोडावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

दुसरा समज जास्त पक्का आहे: क्रियापद कर्त्यामागे चालतं. तमिळपुरतं ते खरं आहे. आंबा असो वा दोसा, त्याने खाल्ला की 'साप्पिट्टान्', तिने खाल्ला की 'साप्पिट्टाळ्'. मराठीत मात्र काम पुरं झालं की क्रियापद कर्त्याला सोडून कर्माकडे वळतं: मुलाने आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं. खाणारा तोच, रूप बदललं ते खाल्लेल्या वस्तूमुळे. कर्माला 'ला' लागला की प्रमाण मराठीत क्रियापद त्याच्याशी जुळणं थांबवतं आणि नपुंसकलिंगी होतं, म्हणून 'मुलीला पाहिलं'. खूण नामावर तरी असते किंवा क्रियापदावर तरी. आणि 'तू पोळी खाल्लीस' हे रूप नीट पाहा. त्यातली 'ली' पोळीची, 'स' तुझा. एकाच शब्दात कर्म आणि कर्ता दोन्ही!

हे ज्याला उमगलं त्याला मेक्सिकोची नाहुआत्ल परकी वाटणार नाही. ही ॲझ्टेकांची भाषा मेली, असंही पुष्कळांना वाटतं. मेक्सिकोच्या २०२० च्या जनगणनेत तिच्या भाषकांची संख्या साडेसोळा लाखांच्या घरात होती. या भाषेत कर्माची खूण नामावर नसतेच, ती क्रियापदाच्या पोटात असते. 'नि' म्हणजे मी, 'मित्स' म्हणजे तुला, 'इत्ता' म्हणजे पाहणं. 'निमित्सित्ता' झालं 'मी तुला पाहतो'. शिकणारा अडखळतो तो पुढे. कर्म वाक्यात वेगळं सांगितलं तर क्रियापदातली खूण गाळता येईल, असं त्याला वाटतं. तशी ती गाळता येत नाही. 'मी मांस खातो' म्हणताना 'निक्‌क्वा इन नाकात्ल' असंच म्हणावं लागतं. 'क्वा' म्हणजे खाणं, त्याआधीचा 'क्' मांसासाठी, आणि मांस पुन्हा वेगळं आहेच. कर्म सांगायचंच नसेल तरी ती जागा रिकामी ठेवत नाहीत. वस्तूंसाठी 'त्ला' आणि माणसांसाठी 'ते' घालतात. 'नित्लाक्वा' म्हणजे 'मी काहीतरी खातो', आपल्या भाषेत 'मी जेवतो'. नवशिक्याने सकर्मक क्रियापद एकटं पाठ करू नये. 'क्', 'त्ला', 'मित्स' जोडून पाठ करावं.

शेवटचा समज मला सर्वांत जास्त खुपतो: दक्षिणेत गेलेली भाषा 'बिघडते'. दख्खनीत 'मैंने रोटी खाई'चं 'मैं रोटी खाया' झालं. सोलापूर, लातूरकडे 'मी काम केलो' ऐकू येतं. याला अशुद्ध म्हणून हसतात. शेजारच्या कन्नड-तेलुगूत क्रियापद तमिळसारखंच कर्त्यामागे चालतं, आणि पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही भाषा बोलणाऱ्यांनी आपल्या क्रियापदालाही तीच वाट दिली. 'केलो'मध्ये 'मी' स्पष्ट ऐकू येतो. त्याचा नियम ठरलेला आहे, आणि तो बोलणारा माणूस तो चुकवत नाही.