प्रयोगशील भाग आणि दुभंगलेला प्रेक्षक

पुष्कळ काळ थांबलेली एखादी कथामालिका पुन्हा सुरू होते, तेव्हा तिचा जुना प्रेक्षक दोन गोष्टी बरोबर घेऊन येतो. एक म्हणजे ओळखीच्या पात्रांविषयीची आपुलकी, आणि दुसरी म्हणजे पूर्वीच्या भागांनी त्याच्या नजरेला लावलेली सवय. अशा मालिकेच्या कर्त्याने मध्येच एखादा भाग सर्वस्वी निराळ्या रीतीने रचला, तर आपुलकी आणि सवय यांची फारकत होते. काही प्रेक्षक त्या भागाला मालिकेचे शिखर मानतात, तर काहींना ती आपली फसवणूक वाटते. हा मतभेद केवळ ‘भिन्नरुचिर्हि लोकः’ असे म्हणून सोडून देण्याजोगा नाही. त्याची कारणे शोधता येतात, त्यांची वर्गवारी करता येते, आणि त्यासाठी लागणारी परिभाषा आपल्या साहित्यशास्त्रात फार पूर्वीपासून सिद्ध आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. दूरचित्रवाणीवरील एक उदाहरण

या प्रश्नाचे अलीकडचे ठळक उदाहरण अमेरिकेतील ‘ट्विन पीक्स’ या मालिकेचे होय. डेव्हिड लिंच व मार्क फ्रॉस्ट यांनी निर्माण केलेली ही मालिका एप्रिल १९९० मध्ये ए.बी.सी. वाहिनीवर सुरू झाली आणि जून १९९१ मध्ये बंद पडली. एका लहानशा गावातील तरुणीचा खून कोणी केला, या प्रश्नाभोवती तिची मूळ रचना होती. गूढ आणि स्वप्नवत् प्रसंग तिच्यात होते. तथापि तपासाचा धागा प्रेक्षकाच्या हातून सहसा सुटत नसे. पंचवीसहून अधिक वर्षांनंतर, मे ते सप्टेंबर २०१७ या काळात, ती शोटाइम वाहिनीवर १८ भागांत परत आली. हे सर्व भाग लिंच यांनीच दिग्दर्शित केले होते.

यातील आठवा भाग २५ जून २०१७ रोजी प्रक्षेपित झाला. आरंभी कथानक नेहमीच्या वाटेने जाते. नंतर ते एकाएकी १६ जुलै १९४५ या दिवशी, न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात झालेल्या पहिल्या अणुचाचणीकडे वळते. चित्र कृष्णधवल होते. कॅमेरा स्फोटाच्या ढगात संथपणे शिरतो. कित्येक मिनिटे संवाद नाही, ओळखीचे पात्र नाही. ऐकू येते ते पेंडेरेत्स्की या पोलिश संगीतकाराने रचलेले आणि हिरोशिमाच्या बळींना अर्पण केलेले ५२ तंतुवाद्यांचे कर्कश संगीत. पुढे काळ १९५६ चा येतो आणि भयाची नवी दृश्ये उलगडतात. मुख्य कथानकातील प्रश्नांची सरळ उत्तरे या भागात मिळत नाहीत. दुष्टाव्याचा उगम मात्र सूचित केला जातो.

या भागानंतर अनेक समीक्षकांनी त्याला दूरचित्रवाणीच्या इतिहासातील अपूर्व घटना म्हटले. फ्रान्समधील ‘काहिये द्यु सिनेमा’ या मासिकाने तर संपूर्ण मालिकेलाच २०१७ मधील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान दिला. उलट बाजूस, कथा पुढे सरकेल या आशेने आठवडाभर थांबलेल्या पुष्कळ प्रेक्षकांना हा भाग दुर्बोध, लांबलेला आणि आत्मलुब्ध वाटला. पुढचा भाग ९ जुलैला, म्हणजे दोन आठवड्यांनी आल्यामुळे या वादाला अवसरही भरपूर मिळाला.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, वाद घालणारे दोन्ही पक्ष त्या मालिकेचे चाहतेच होते. तेव्हा हा भेद जाणकार आणि अडाणी यांच्यातील नाही. दोन्ही पक्षांनी तीच मालिका पाहिली होती; परंतु तिच्यातून त्यांनी उचललेले वचन निराळे होते. एकाने ‘रहस्य उलगडेल’ हे वचन उचलले, तर दुसऱ्याने ‘अनपेक्षित पाहावयास मिळेल’ हे. १९६७ साली कोन्स्टान्झ विद्यापीठात हान्स रोबर्ट याउस यांनी ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही कल्पना मांडली. कलाकृती आणि वाचकाचे क्षितिज यांतील अंतर हे तिच्या स्वीकाराचे एक माप होय, असा त्यांचा अभिप्राय होता. एकाच मालिकेच्या प्रेक्षकवर्गात अशी दोन क्षितिजे शेजारी शेजारी नांदू शकतात, एवढी पुस्ती या उदाहरणावरून तिला जोडता येईल.

२. रसविघ्नांचा विचार

याउस यांची कल्पना अंतर मोजते. ते अंतर कोठे व कसे पडते, हे ती पुरेसे सांगत नाही. यासाठी अभिनवगुप्ताकडे वळावे लागते. इसवी सनाच्या दहाव्या-अकराव्या शतकांच्या संधिकाळात काश्मीरात होऊन गेलेल्या या आचार्याने नाट्यशास्त्रावरील ‘अभिनवभारती’ या टीकेत रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांपैकी चार प्रस्तुत विषयाला विशेष उपयोगी आहेत.

पहिले संभावनाविरह, म्हणजे ‘असे घडूच शकत नाही’ असे वाटणे. दुसरे, जे दिसते ते आपलेच किंवा अमक्याचेच आहे, असे मानून विशिष्ट स्थळकाळाशी जखडून घेणे. तिसरे निजसुखादिविवशीभाव, म्हणजे स्वतःच्या सुखदुःखात मन अडकून पडल्याने समोरच्या वस्तूशी तन्मय न होणे. चौथे स्फुटत्वाभाव, म्हणजे प्रतीतीत स्पष्टपणा नसणे.

अभिनवगुप्त केवळ विघ्ने मोजून थांबत नाही. त्यांचे परिहारही सांगतो. असामान्य घटना दाखवावयाची असेल तर रामासारखा प्रख्यात नायक घ्यावा, कारण त्याच्याविषयीचा विश्वास प्रेक्षकाच्या मनात आधीच रुजलेला असतो, हा पहिल्या विघ्नावरील त्याचा परिहार होय. पुनरुज्जीवित मालिकेला प्रयोगाचे धाडस का करता येते, याचे उत्तर येथे मिळते. जुनी ख्याती ही तिची ठेव असते आणि प्रयोगशील भाग त्या ठेवीवर खर्च करतो. आठव्या भागाने पहिल्या विघ्नासाठी ही ठेव वापरली. स्फुटत्वाभावाचा परिहार मात्र त्याने हेतुतः टाळला. ज्यांना अस्फुटता हाच अनुभव वाटला ते रमले. ज्यांना ती उणीव वाटली ते दुरावले.

३. विदर्भातील ‘वाडा’

मराठीत या प्रकाराचे सर्वांत जवळचे उदाहरण दूरचित्रवाणीवर नव्हे, तर रंगभूमीवर सापडते, आणि तेही विदर्भाच्या मातीतले. यवतमाळ जिल्ह्यातील पारवा या गावी १९३९ साली जन्मलेल्या महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ हे नाटक १९८५ साली कलावैभव या संस्थेने विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आणले. धरणगावकर देशपांडे या जमीनदार घराण्याचा वाडा, घरातील वडीलधाऱ्याचा मृत्यू, तेराव्याच्या खर्चाची विवंचना, दारात गंजत पडलेला ट्रॅक्टर, वेळ विचारीत राहणारी वृद्ध दादी, आणि मुंबईहून आलेला मुलगा व सून यांच्या बोलीशी पदोपदी भिडणारी घरची वऱ्हाडी बोली, असे सारे यात अत्यंत ठोस आहे. प्रेक्षकाला हातात धरता येईल असा तपशील हेच या नाटकाचे बळ होय.

हेच कुटुंब पुढे ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ या दोन नाटकांत परत आले. १९९४ साली आविष्कार या संस्थेने चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली तिन्ही नाटके सलग सादर केली. हा प्रयोग आठ-नऊ तास चाले. दुसऱ्या नाटकापर्यंत पद्धती मुख्यतः वास्तवदर्शी राहते. ‘युगान्त’मध्ये मात्र ती पालटते. वाड्यातील गजबज मागे पडली आहे. वर्षानुवर्षांच्या अवर्षणाने गाव ओसाड झाले आहे. उरला आहे तो पराग व अभय या चुलत भावांचा दीर्घ संवाद. घटना थोड्या, चिंतन फार. गावाची कथा सांगता सांगता नाटक मानवी संस्कृतीच्या अंताविषयी बोलू लागते.

या भागाविषयी दोन प्रकारची मते संभवतात. पहिल्या मतानुसार, ज्या प्रेक्षकाने वाड्यातील माणसांवर जीव लावला त्याला शेवटी माणसांऐवजी विचार ऐकावे लागतात. ही नाट्यत्रयीची ढळलेली बाजू होय. दुसऱ्या मतानुसार, कुटुंबाचा ऱ्हास हा व्यापक ऱ्हासाचा एक अंश होता, आणि तो व्यापक ऱ्हास दिवाणखान्याच्या वास्तवदर्शी रीतीने दाखविणे शक्यच नव्हते. म्हणून रीत बदलणे प्राप्त होते. दोन्ही मतांना आधार आहे. वादाचा मुद्दा एवढाच की, पहिल्या नाटकाने दिलेले वचन माणसांविषयीचे होते की ऱ्हासाविषयीचे.

४. आशयाचा वाद आणि रूपाचा वाद

या वादाची गल्लत निराळ्या जातीच्या वादाशी होऊ नये म्हणून विजय तेंडुलकर यांच्या ‘घाशीराम कोतवाल’चे स्मरण करणे इष्ट आहे. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली ते सादर केले. माणसांची हलती भिंत, कीर्तन, लावणी आणि खेळ्यांचे संस्कार यांनी घडलेले त्याचे रूप मराठी नागर रंगभूमीला नवे होते. तथापि, विरोध पेटला तो रूपामुळे नव्हे, तर नाना फडणवीस आणि तत्कालीन पुण्यातील ब्राह्मण समाज यांच्या चित्रणामुळे. १९ प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबविले. कलावंतांनी बाहेर पडून थिएटर अकादमी स्थापन केली आणि १९७४ च्या जानेवारीत नाटक पुन्हा उभे केले. पुढे ते देशात व परदेशात गाजले.

येथील विघ्न अभिनवगुप्ताच्या यादीतील दुसरे आहे. सत्ता आपल्या सोयीसाठी माणूस कसा घडविते व मोडते, हा नाटकाचा विषय. पण विरोधकांनी तो एका ऐतिहासिक पुरुषाशी आणि एका समाजाशी जखडून घेतला. गंमत अशी की, ज्या रूपाने हे विघ्न निवारावयाचे होते ते रूप नाटकात होतेच. गाणारी, नाचणारी, क्षणात भिंत होणारी माणसे ‘हा इतिहास नव्हे’ असे सांगत होती. परंतु स्वाभिमान दुखावलेल्या प्रेक्षकापर्यंत ती खूण पोहोचली नाही. या प्रसंगात धोका केवळ मतभेदाचा नव्हता. १९ प्रयोगांनंतर कलावंतांनी माघार घेतली असती, तर एका पक्षाचे मत हाच त्या नाटकाचा अंतिम निकाल ठरला असता.

५. वर्धा जिल्ह्यातून पाहताना

प्रेक्षकाचे क्षितिज स्थिर नसते. काळ आणि स्थळ त्याला हलवितात. वर्धा नदी ही वऱ्हाड आणि तिच्या पूर्वेकडील प्रदेश यांमधील जुनी सीमा. तिच्या एका तीरावर एलकुंचवारांचा यवतमाळ जिल्हा, दुसऱ्यावर वर्धा जिल्हा. काळी जमीन, कापूस आणि पावसावरची शेती दोन्हीकडे सारखीच. एकेकाळी हिंगणघाटचा कापूस परदेशच्या बाजारात नावाने ओळखला जात असे. त्याच प्रदेशातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे जुलै २००६ मध्ये केंद्र सरकारला विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची साहाय्य-योजना जाहीर करावी लागली. अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम आणि यवतमाळ यांच्याबरोबर त्यात वर्धा जिल्हाही होता.

१९९४ साली मुंबईच्या प्रेक्षागृहात ‘युगान्त’मधील ओसाड गाव हे प्रतीक म्हणून पाहता येत होते, आणि प्रतीक अतिरेकी वाटण्याची मोकळीकही होती. २००६ नंतर वर्धा जिल्ह्यातील प्रेक्षकाला तीच मोकळीक उरते काय? त्याच्यासाठी संभावनाविरह हे विघ्न जवळजवळ नाहीसे होते. असे घडू शकते हे त्याला कोणी पटवून देण्याची गरज नसते. मात्र त्याच वेळी तिसरे विघ्न प्रबळ होते. ज्याच्या घरात कर्जाची चिंता आहे, त्याला पराग व अभय यांच्या चिंतनाशी तन्मय होणे कठीण जाते, कारण त्याचे मन स्वतःच्या दुःखाने आधीच व्यापलेले असते. एक विघ्न दूर होते आणि दुसरे आडवे येते. म्हणून ‘हा भाग ग्रामीण प्रेक्षकाला समजत नाही’ आणि ‘हा भाग ग्रामीण प्रेक्षकालाच खरा समजतो’ ही दोन्ही विधाने सारखीच घाईची ठरतात.

६. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, प्रयोगशील भागाविषयीची दुफळी ही रुचीच्या उच्चनीचतेची खूण नव्हे. पूर्वीच्या भागांतून कोणते वचन उचलले, यावर ती अवलंबून असते. दुसरी, सर्व दुफळ्या एका जातीच्या नसतात. ‘ट्विन पीक्स’च्या आठव्या भागात अस्फुटता, ‘घाशीराम’मध्ये स्थळकाळाचा आवेश आणि विदर्भात पाहिलेल्या ‘युगान्त’मध्ये स्वतःचे दुःख, अशी निरनिराळी विघ्ने कार्य करतात, त्यांवरील उपायही निराळे असतात. तिसरी, ख्यातीची ठेव अक्षय नसते. कर्त्याने ती कोठे खर्च करावी हा त्याचा अधिकार होय. परंतु खर्च झाली याची जाणीव प्रेक्षकाला होते, आणि तिचा हिशेब मागण्याचा अधिकार प्रेक्षकालाही असतो.

प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया गोळा करणाऱ्या अभ्यासकाने ‘आवडले की नाही’ या प्रश्नावर थांबू नये, हे यावरून उघड आहे. कोणत्या दृश्यापाशी मन तुटले, त्याआधी काय घडेल असे वाटत होते, आणि पाहताना स्वतःच्या आयुष्यातील काय आठवले, असे तीन प्रश्न विचारल्यास विघ्न नेमके कोणते हे बऱ्याच अंशी कळू शकेल. जिल्ह्यातील महाविद्यालयांत नाट्यवाचनाचे वा प्रक्षेपणाचे जे कार्यक्रम होतात, त्यांच्या अखेरीस अशी विचारणा करणे अवघड नाही. नापसंतीची कारणे त्या प्रेक्षकाच्याच शब्दांत टिपून ठेवली, तर ‘त्यांना कळले नाही’ या सोप्या उत्तरावाचून पुढे जाता येईल.